‘ग्रेलॅग’वरचा उबेचा बंक

माझा नवरा सिरिल दुसऱ्या महायुद्धभर ‘ग्रेलॅग’ पाणबुडीच्या इंजिनखोलीत होता. नॉर्वेपासून माल्टापर्यंत ती हिंडली, शत्रूची जहाजं बुडवली, स्वतः मार खाल्ला आणि धड परत आली. सिरिलला यातलं सगळ्यात जास्त काय आठवावं? बोटीवरच्याच लायनेल पास्कनं सोंगट्यांत लबाडी करून इंजिनाच्या गरम पाइपाशेजारचा उबेचा बंक, म्हणजे झोपायची फळी, बळकावला, ते. चाळीस वर्षं ऐकतेय मी.

लायनेल आमच्याच गल्लीत राहतो. गॉसपोर्ट पाणबुड्यांचंच बंदर, इथे दर चार घरांमागे एक म्हातारा पाणबुडीवाला सापडतो. दर रविवारी जेवण झालं की हे दोघे आमच्या स्वयंपाकघरात पट मांडून भांडतात, आणि मला ते आवडतं.

गेल्या हिवाळ्यात लायनेलला जिना चढवेना. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं कडक झालीत, हे ॲस्बेस्टॉसचं काम. बोटीवरच्या त्या गरम पाइपांना त्याचाच जाड लेप होता. शत्रूनं वरून टाकलेले पाणबॉम्ब फुटले की सगळी बोट हादरायची आणि लेपाचा भुगा चहात पडायचा. ही पोरं फुंकर मारून चहा प्यायची. बंदरात आल्यावर तोच लेप पाण्यात कालवून हातांनी थापायची, वर गोळे करून एकमेकांना मारायची.

“तूही फोटो काढून घे छातीचा,” लायनेल म्हणाला.

“मला काय धाड भरलीय? उबेत तू लोळलास. मी थंडीत कुडकुडलो.”

“आणि लेप कोण थापायचं? तुझी आजी?”

रात्री सिरिल खोकायचा तेव्हा मी जागीच असायची. सांगून सांगून थकले. खेचरासारखा हट्टी माणूस. दुसऱ्या कुणाचा नवरा असता तर मला हसू आलं असतं.

शेवटी एका रविवारी लायनेलनं पैज लावली. “मी जिंकलो तर उद्या हॉस्पिटलात जायचं. हरलो तर पुन्हा विषय काढणार नाही.”

यांच्या खेळात एक रिवाज आहे. लबाडी करायला मनाई नाही, पण समोरच्यानं पुढचा फासा पडायच्या आत ती पकडायची. नाही पकडली तर चाल पक्की. सिरिलच्या नजरेतून आजवर फार थोड्या सुटल्या असतील.

खेळ रंगला. सिरिलची एकच सोंगटी घरात जायची राहिली. ती गेली की हॉस्पिटलचा विषय कायमचा संपला. तेवढ्यात लायनेल खोकला आणि खोकता खोकता त्यानं बोटानं आपली सोंगटी दोन घरं पुढे ढकलली. इतक्या ढोबळपणे, की चुलीपाशी उभी असलेल्या मलाही दिसलं.

सिरिल त्या सोंगटीकडे बघत राहिला. मग त्यानं फासा उचलला, हातात खूप वेळ खुळखुळवला आणि काही न बोलता टाकला. हवं ते दान पडलं नाही, आणि पुढच्याच फाशाला लायनेल जिंकला.

“हरलास,” लायनेल म्हणाला.

“हरलो.” सिरिलनं चष्मा काढून पुसला. “भीती वाटतेय रे मला.”

“ठाऊक आहे. मलाही वाटली होती. मी येतो ना बरोबर.”

मी पाठ फिरवून किटली ठेवली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटत होतं.