बीरानचे तळवे

“आता टोचा, सिस्टर,” डोळे मिटून बसलेला बीरानकुट्टी म्हणाला.

“झालं की टोचून. चार ठिकाणी.”

बीरानने डोळे उघडले. केरळातल्या अरीकोडच्या सरकारी दवाखान्यात त्याचा उजवा पाय स्टुलावर होता आणि रजनी सिस्टरच्या हातात नायलॉनचा एक राठ धागा होता. तिने तो पुन्हा त्याच्या अंगठ्याखाली टेकवला आणि वाकेपर्यंत दाबला. या खेपेला तो बीरानला दिसला, पण लागला नाही. साखरेने दोन्ही तळवे बधिर केलेत, डावी टाच तेवढी जागी आहे, असं तिने कागदावर लिहिता लिहिता सांगितलं. आजपासून अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा नाही.

“काम काय करता?”

“चालतो,” बीरान म्हणाला.

सिस्टरला ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती. सौदीत दम्मामला चौदा वर्षं गालिचे बसवून बीरान गावी परतला, तेव्हा इकडे भाताची खाचरं बुजवून एकापाठोपाठ एक टर्फची मैदानं उभी राहत होती. प्लॅस्टिकचं गवत विंचरणं, रबराचे काळे दाणे पसरणं, कडेचं शेवाळ मारणं ही कामं कुणीही करतो. खरी मेख जोडात असते. गवताचे पट्टे शेजारी शेजारी अंथरून खालून गोंदाने चिकटवतात. दम्मामच्या हवेत तो गोंद चहा पिऊन होईपर्यंत धरायचा. इथे हवाच बारा महिने घामेजलेली. गोंद वरून वाळल्यासारखा दिसतो आणि पोटात ओला राहतो. मग काही महिन्यांनी जोड आतल्या आत सुटतो आणि खाली पाणी साचतं. वरून काही म्हणता काही दिसत नाही. खेळणाऱ्याचा पाय अडकला की मगच कळतं.

बीरानला आधी कळायचं. सकाळी तो चपला काढून प्रत्येक जोडावरून चालत जायचा. जोड सुटायला लागला असेल तिथे तळव्याला खालून गार लागायचं. आसपासच्या नऊ टर्फवर तो असा फिरायचा आणि त्याने ‘चालू द्या’ म्हटलं की मालक पुन्हा म्हणून बघायचे नाहीत. याचा त्याला अभिमान होता आणि तो लपवण्याच्या भानगडीत तो कधी पडला नव्हता.

घरी बायकोने, नबीसाने विचारलं, तेव्हा साखर जरा वाढलीय एवढंच त्याने सांगितलं. पायांचं कळलं तर नऊ मालकांना त्याची गरज काय उरणार होती?

शनिवारी संध्याकाळी त्या नऊ मालकांपैकी जम्शीरच्या टर्फवर सेव्हन्सचा, म्हणजे सात-सात जणांच्या फुटबॉलचा, उपांत्य सामना होता. बीरान सकाळी नेहमीसारखा अनवाणी फिरला, उलट नेहमीपेक्षा हळू फिरला. कुठेच गार लागलं नाही. ऐन पावसाचा कर्किडक महिना, दहा दिवसांची झड, आणि एवढ्या मोठ्या मैदानात एकही जागा गार लागू नये, हे त्याच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. ते त्याच्या ध्यानातही आलं. तरी जम्शीर समोर आला तेव्हा तोंडातून सवयीने तेच निघालं.

“चालू द्या.”

संध्याकाळी प्रजीश नावाचा गोलकीपर चेंडूसाठी पुढे धावला आणि पडला तो उठलाच नाही. घोटा मोडला होता. प्रजीश रिक्षा चालवायचा, म्हणजे आता दोन महिने रिक्षाही उभी. जम्शीरने त्याचे बूट उचलून उलटे केले. तळाला खिळे होते. टर्फवर खिळ्यांचे बूट चालत नाहीत अशी पाटी फाटकावरच होती. रविवारी जम्शीरने सगळ्या टर्फवाल्यांच्या ग्रुपवर बुटांचा फोटो टाकला, प्रजीशचं नाव लिहिलं आणि त्याच्या संघाला वर्षभर बंदी घातली. प्रजीशने दवाखान्यातल्या खाटेवरून आवाजी निरोप पाठवला. चूक माझी, शिक्षा मला करा, पोरांना खेळू द्या, सगळ्यांची माफी मागतो.

तो निरोप बीरानने चहाच्या टपरीवर ऐकला. हातातली केळ्याची भजी खाऊन संपवली आणि तो टर्फवर गेला. प्रजीश पडला होता तिथे त्याने गुडघे टेकून बोटांनी गवताची कड उचलली. सुरीसुद्धा लागली नाही. वीतभर जोड आवाज न करता सुटून आला. खाली गोंद पांढरा पडून कांजीसारखा पातळ झाला होता. बीरानने कड पुन्हा होती तशी बसवली, वर रबराचे दाणे सारखे केले आणि तो घरी आला.

दोन दिवस तो मूग गिळून बसला. जेवण जाईना. नबीसाला वाटलं औषधाने असेल. तिसऱ्या दिवशी तो जम्शीरच्या खोलीत गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

जम्शीरने उठून दार लोटून घेतलं. मग त्याने विचारलं, “आणखी कुणाला सांगितलंत?”

“तुलाच पहिल्यांदा.”

“मग झालं तर, बीरानिक्का. बूट खिळ्यांचे होतेच ना? तो स्वतः कबूल करतोय. तुमचं नाव राहील, माझा टर्फ राहील. जोड काय, उद्या बसवून टाकू.”

“त्याने माफी मागितलीय, जम्शीर. माझ्या पायांच्या चुकीसाठी.”

बीरानला फोनवर लिहिता यायचं नाही. बाहेर येऊन त्याने टर्फवाल्यांच्या त्याच ग्रुपवर आवाजी निरोपाचं बटण दाबून धरलं आणि जे झालं ते बोलला. जोड सुटला होता म्हणून तो पडला, बुटांमुळे नाही. सकाळी मी फिरलो, मला कळलं नाही, माझे तळवे गेलेत. आवाज नेहमीचाच होता, फक्त शेवटी कुठे थांबायचं ते त्याला सुचेना, म्हणून त्याने आपलं पूर्ण नाव सांगितलं.

बंदी उठली. आठवडाभरात सहा टर्फवाल्यांनी काही न बोलता दुसरा माणूस बघितला. एकाने निदान फोन करून तब्येत विचारली. जम्शीर बीरानवर पंधरा दिवस धुमसत होता, पण गवत विंचरायला त्यालाच ठेवलं.

ओणम उलटून गेल्यावर एका सकाळी प्रजीश लंगडत फाटकातून आत आला. पुढल्या आठवड्यापासून रिक्षा काढणार होता, खेळायचं मात्र डॉक्टरने कायमचं बंद केलं होतं. बीरानने हातातला ब्रश खाली ठेवला. त्याच्या पायात दवाखान्याने दिलेल्या जाड तळाच्या चपला होत्या.

“जम्शीरिक्का म्हणाले, जोड बघायला पाय हवेत,” प्रजीश म्हणाला. त्याने चपला काढल्या. “कुठून सुरुवात करू?”

बीरानने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. प्रजीश चालायला लागला आणि बीरान त्याच्या मागून, त्याच्या पावलांकडे बघत. घाई करू नकोस, टाच आधी टेक, एवढंच तो मधूनमधून सांगत होता. मधल्या रेषेपलीकडे प्रजीशचं पाऊल क्षणभर अडखळलं.

“काय झालं?”

“काही नाही. जरा गार लागल्यासारखं वाटलं.”

बीरानने उजवा पाय चपलेतून काढला, प्रजीशने दाखवलेल्या जागी ठेवला आणि सगळा भार त्यावर देऊन उभा राहिला. प्रजीश त्याच्या तोंडाकडे बघत होता.

“लागतंय का, इक्का?”

“नाही,” बीरान म्हणाला. “पण तू म्हणतोस ना गार आहे, मग आहे.”

त्याने पाय पुन्हा चपलेत घातला, वाकून तिथे खडूने रेघ ओढली आणि प्रजीशला पुढे चालायला सांगितलं.