टोपली तेवढी काढा

"काउंटरवर पालापाचोळा नको, किती वेळा सांगायचं? पासपोर्टचे फोटो इथंच कापतो मी!"

इनायतने कडुनिंबाच्या काड्या बाजूला सारल्या. निलोफरने त्या परत ओढल्या. तिला कॉलेजात कोलाज द्यायचं होतं : आपल्या वस्तीचे फोटो आणि त्याच वस्तीत पडलेली पानं, साली, बिया. बापाचाच फोटो स्टुडिओ, म्हणजे फोटोंचा प्रश्न नव्हता.

"अब्बू, कचरा नाही, मटेरियल आहे."

"तुझ्या मटेरियलला मुंग्या लागल्यात."

तेवढ्यात सरुबाई पायरीवर आली. द्वारका चौकाजवळच्या या गल्लीत, स्टुडिओसमोरच्या फुटपाथवर ती सत्तावीस वर्षं फुलं विकत होती. पहाटे मखमलाबाद गावाहून टोपली घेऊन यायची.

"इनायतभाऊ, उद्या फेरीवाल्यांचं सर्व्हेवालं येनार हाय. जुनी बसनारी हाय म्हनून फोटो मागत्यात. नाय दिला तर नवी धरनार, अन् नव्यांना नव्या मार्केटच्या मागं टाकनार. तिथं कुत्रं फिरकत नाय. तुमी गल्लीचे एवढे फोटो काढले, त्यात मी आसंनच की."

"असणारच. जाणार कुठं?" म्हणत त्याने कॉम्प्युटर उघडला.

२००९. किराणा दुकान, दर्शनी बाजू. लायसन्ससाठी.
फुटपाथ रिकामा.

२०१३. मोबाइलचं दुकान, उद्घाटन.
फुटपाथ रिकामा.

२०१६. वरात. घोडा आहे, नवरदेव आहे, बँडवाल्याची फुगलेली गालफडं आहेत.
फुटपाथ

"मी कुटं हाय?" सरुबाई म्हणाली.

इनायतने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "दुकानदार म्हणायचे, टोपली तेवढी काढा. दुकानाची शोभा जाते. मग मी काढायचो."

"काढायचा म्हंजे?"

"पुसायचो. शेजारची फरशी उचलून तुमच्यावर ठेवायचो. फोटोत हो, फोटोत."

"माझ्यावर फरशी? अन् रोज सकाळी माझा मोगरा फुकट न्यायचा वर!"

"अब्बू, ओरिजिनल फाईल?" निलोफरने विचारलं.

"साफ केलेलाच ठेवायचो. बाकीचं ठेवायला कॉम्प्युटर काय गोदाम आहे?"

सदतीस वर्षं त्याने हेच केलं होतं. चामखीळ, विजेच्या तारा, गालावरचा व्रण. कुठे जोडलंय ते कुणाला दिसता कामा नये, हा त्याचा नियम. आता एखादं काम तरी बिघडलं असेल, एखादी चप्पल, टोपलीची कड राहिली असेल, म्हणून त्याने सगळे फोटो मोठे करून पाहिले. एकही बिघडलं नव्हतं. स्वतःच्या हाताचा असा संताप त्याला कधी आला नव्हता.

"मावशी, तुमच्या जागेवर पडलेलं काय काय आहे?" निलोफर म्हणाली. "घेऊन या. सगळं."

सरुबाईने ओटीतून झेंडूच्या पाकळ्या, दुर्वा, हार ओवायच्या केळीच्या सोपटाच्या दोऱ्या आणल्या. निलोफरने सहा मोठे प्रिंट काढले. रिकाम्या फुटपाथवर चिकटवायला घेतली सोपटाची टोपली, पाकळ्यांचे ढीग.

"हितं नाय गं, खांबाच्या अलीकडं. पलीकडं गटार फुटलं व्हतं त्या साली."

"आणि इथं?"

"सावली बघ की. उन्हाळा हाय. मी भिंतीला चिटकून बसनार." तिने बदामाचं लाल पान उचललं. "हे लुगडं. दोन वर्सं वापरलं, मंग विटलं."

"डिंक ओघळतोय," इनायत करवादला. "प्रिंट खराब करताय." आणि मग निलोफरच्या हातातून कात्री हिसकावून त्याने ते पान तिरकं कापलं. "खांदा असा नाही तिचा. उजवा उतरलेला आहे."

निलोफर बापाकडे बघत राहिली. त्या खांद्याच्या कडेने त्याने किती वेळा माउस फिरवला होता!

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सर्व्हेवाला ज्ञानेश टॅब घेऊन आला. तिशीचा, घामाघूम. कोलाज बघून खूश झाला.

"काय भारी केलंय, काका!" त्याने मोबाइलवर त्याचा फोटोही घेतला. "स्टेटसला ठेवतो. पण पुरावा म्हणून नाही चालायचं. फोटोत फेरफार दिसतोय."

"अहो, फेरफार खालच्या फोटोत आहे! वर चिकटवलंय ते खरं आहे!"

"म्हणजे खालचा फोटोही फेरफारचा?"

"मीच केला ना! मी पुसलं हिला!"

"मग तर अजिबातच नाही."

"मी लिहून देतो. सही करतो. सगळ्या गल्लीच्या सह्या आणतो."

"आणा. मी जोडतो. पण या रकान्यात फोटोच लागतो, काका. नाहीतर स्क्रीन पुढेच सरकत नाही." त्याने बोट दाबलं. "नवीन. मावशी, इथं अंगठा."

"थांबा हो जरा!" इनायत म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या, भाऊ." सरुबाईने अंगठा पदराला पुसला आणि काचेवर टेकवला. मग टोपलीमागे जाऊन बसली.

"सायेब, मी नवीन ना?"

"कागदावर तसंच आहे, मावशी."

"मंग बोहनी करा. नव्या दुकानाची तुमच्याच हातानं होऊ द्या."

ज्ञानेश गोरामोरा झाला. त्याने खिशातून नोट काढली. सरुबाईने ती कपाळाला लावली, शेवंतीची माळ कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत मोजली आणि तोडण्याआधी चार बोटं पुढे सरकली.

"पयलं गिऱ्हाईक. जास्ती घ्या."

माळ घेऊन तो उभा राहिला. टॅब एका हातात, माळ दुसऱ्या. इनायत पायरीवर होता. त्याच्याकडे न बघता सरुबाईने फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं आणि मोगऱ्यावर पसरलं.