अस्वलीचे केस

काल दुपारी वस्तीमागच्या वाळूत मी अस्वली पकडली आणि सवयीने स्पिरिटच्या बाटलीत टाकली. सगळं तिथेच बोंबललं.

अस्वली म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी केसाळ माशी. हे नाव आमच्या संग्रहालयाच्या तळघरातलं. शास्त्रातलं लांबलचक नाव साहेबांना ठाऊक. आमच्या कपाटात तिचा एकच नमुना, चाळीस वर्षांपूर्वीचा. ती ओळखायची केसांवरून, आणि स्पिरिटने केस झडतात. मी वीस वर्षं भुंगेरे टाचणीवर लावते. भुंगेऱ्यांना स्पिरिट चालतं. हाताला तेवढंच ठाऊक.

साहेबांनी भिंग लावलं. "ही कुठलीही माशी असेल. केसांसकट आणली असती तर काम थांबवायचं पत्र आत्ता दिलं असतं."

ती वाळू सपाट करून तिथे गोदाम बांधायचं होतं. मशीन आज सकाळी लागणार होतं आणि ते चालवणार होता माझा सख्खा मोठा भाऊ.

"माशीसाठी मशीन थांबवू?" दादा म्हणाला. "मुकादमाला काय सांगू, पाहुणी यायचीय?"

"डिझेलमध्ये पाणी गेलंय म्हण. ती भर उन्हातच येते."

"लहानपणी मला झुरळ मारू द्यायची नाहीस. आता स्वतःच मारायला निघालीस."

"मेलेली दाखवल्याशिवाय कोण मानतं?"

दादाने पाना घेऊन इंजिनात डोकं घातलं आणि दोन तास खोटं खोटं खुडबुडत बसला. मी तापल्या वाळूत पोटावर पडून राहिले. समोर रानमाश्यांची, म्हणजे वाळूत घर करणाऱ्या मधमाश्यांची बिळं. अस्वलीची पिल्लं त्याच बिळांत वाढतात, रानमाशीच्या पिल्लांना खाऊन. गोड जनावर नाही ते. पण म्हणून काय गोदामाखाली गाडायचं?

सव्वाबाराला ती आली. हवेत जागच्या जागी थरथरत, बिळावर शेपटी झटकून अंडी टाकायला लागली.

"पकड की," दादा कुजबुजला.

"थांब. टाकू दे तिला."

बारा बिळं झाली. मग जाळी टाकली. कोरडी नळी, नळी बर्फाच्या थर्मासमध्ये, आणि मी पळत सुटले.

साहेबांनी भिंगातून पाहिलं आणि कागद पुढे ओढला. "हीच." पत्रावर सही झाली, शिक्का बसला. परत पोचायला पावणेदोन वाजले.

दादा फाटकाशी दगडावर बसला होता, डबा मांडीवर. "पाणीबिणी काही नाही हे मुकादमाला कळलं. चावी काढून घेतली. दुसऱ्याला बसवला." माझ्याकडे न बघता म्हणाला, "एक वाजताच सगळं झालं गं."

वाळू ताटासारखी सपाट. बारा बिळं कुठे होती तेही सांगता येईना. मुकादमाने पत्र दोनदा वाचलं आणि परत दिलं. "काम थांबवा म्हणतात ना? थांबलंय की. संपलंय."

संध्याकाळी मी आजच्या अस्वलीला टाचणीवर घेऊन खाली चिठ्ठी लावली. जागा, तारीख, पकडणारी. मग कालची टकली माशी काढली, तिलाही टाचणीवर घेतलं, कालची तारीख लिहिली.

"ती फेका," साहेब म्हणाले. "तिचा काही उपयोग नाही."

फेकली नाही. शेजारी शेजारी लावल्या. दोन्ही चिठ्ठ्यांवर एकच जागा, एकच नाव, आणि मध्ये एका दिवसाचं अंतर. कधीतरी कोणी ड्रॉवर उघडेल, त्याला वाचू दे.