‘र’ वाकडाच बरा

टिंग!

घोंगडीत गुंडाळता गुंडाळता टाइपरायटरची घंटी वाजली आणि सकाळपासून गप्प असलेलं घर दचकलं.

“उठलं गं आई ते!” इलिंका म्हणाली. “थंडी वाजत असेल.”

“मग झाक नीट,” दोइना म्हणाली, आणि सवयीने तिची नजर कोपऱ्यातल्या फोनकडे गेली. फोनवर उशी होती. त्या घरात उशा तीन. एक आईची, एक लेकीची आणि एक फोनची. खाली ठेवलेला फोनसुद्धा ऐकतो, असं ब्राशोव शहरात सगळेच म्हणायचे. खरंखोटं कुणी पाहिलंय? एक उशी गेली तर गेली.

इलिंका पाच वर्षांची. बुटांच्या नाड्या बांधायला शिकायच्या आधी ती एक गोष्ट शिकली होती. घरातलं घरात. बाहेर कुणी विचारलं तर ‘माहीत नाही’ म्हणायचं, फारच खोदून विचारलं तर दुसरंच काहीतरी सांगायचं. पण घरात मात्र खरंच बोलायचं, आईशी तर नक्कीच. आणि आईला ते कळायचंही, कारण खोटं बोलली की पोरीचे कान लालबुंद व्हायचे. दोइना हसून कान धरायची, “हे बघ, पेटले दिवे!”

दरवर्षी थंडी सरायच्या आत, ज्याच्या घरी टाइपरायटर त्याने तो पोलीस ठाण्यात न्यायचा आणि साहेबासमोर ठरलेला मजकूर टाइप करून द्यायचा. माणसाच्या बोटांचे ठसे घेतात, तसे हे मशीनचे. उद्या कुणाच्या टपालपेटीत नको तो कागद सापडला तर अक्षरांवरून घर सापडावं, एवढाच हेतू. शहाऐंशी सालचा तो फेब्रुवारी, दोइनाची ही तिसरी खेप. नवरा दूर धरणाच्या कामावर, महिन्यातून एकदा घरी यायचा. ती प्राध्यापकांचे प्रबंध टाइप करायची, म्हणून तिला घरी राहता येत होतं. मशीन गेलं की कारखान्यातली पाळी, आणि पोर आठवड्याच्या पाळणाघरात. सोमवारी सोडायची, शनिवारी आणायची. गेल्या हिवाळ्यात टायपिंगचं काम आटलं तेव्हा दोन महिने तसं केलं होतं. पोर दर शनिवारी छातीत घरघर घेऊन यायची आणि सोमवारी दाराच्या कडीला लोंबकळायची.

दोइनाने घोंगडीतलं धूड इलिंकाच्या घसरगाडीवर दोरीने आवळलं. बर्फावरून ओढत निघाल्या. वाटेत एक म्हातारी थांबून म्हणाली, “डुक्कर मिळालं वाटतं! कुठे मिळतंय गं?” इलिंका ताडकन म्हणाली, “माहीत नाही.”

ठाण्याच्या बोळात रांग होती. कुणी बाबागाडीतून आणलेलं, कुणी पाठीवर बांधलेलं. पुढचा टकल्या कारकून मफलरमधून म्हणाला, “माझं तर यंदा खोकतंय. त्याला दवाखान्यात न्यायचं की इथे?”

“इथेच आणा,” मागून कुणीतरी बोललं, “इथे सगळे बोलते होतात.”

रांग हसली आणि लगेच गप्प झाली.

“दुरुस्ती केली असेल तर सांभाळा हं बाई,” कारकून दोइनाला हळूच म्हणाला. “पाच दिवसांत कळवायची असते. तीही परवानावाल्या दुकानात केलेली हवी. माझ्या मेहुण्याचं मशीन एका स्प्रिंगपायी गेलं.”

पंधरा दिवसांपूर्वी खालच्या मजल्यावरच्या आंगेलकाकांनी तिचा ‘र’ सरळ करून दिला होता. वर्षानुवर्षं तो उजवीकडे कललेला आणि प्राध्यापक कुरकुर करायचे. काकांनी मेणबत्तीवर दांडी ऊन केली, पकडीने हलकेच दाबली आणि म्हणाले, “घे, नवरदेवासारखा उभा केला!” तिने लिंडनच्या फुलांचा चहा करून दिला. तो चहा पिताना ना त्यांच्या डोक्यात आलं, ना तिच्या, की ह्याला दुरुस्ती म्हणतात.

आणि काकांचं नाव तर घ्यायचंच नव्हतं. विशीत असताना भावाला लिहिलेलं एक पत्र कुणीतरी वाटेत वाचलं होतं. त्यापायी माणसाने चार वर्षं दगड फोडले होते. त्यांची फाइल अजून कुठल्यातरी कपाटात असणारच.

पण आता रांग सोडून घरी गेली असती तर तेही कुणीतरी लिहून ठेवलंच असतं.

आत कॅप्टन पर्वू ओव्हरकोट घालूनच बसला होता, हीटर नावाला. त्याला सर्दी झालेली. “टोपी काढ पोरी, हे सरकारी ऑफिस आहे,” तो इलिंकाला म्हणाला. दोइनाने कागद टाइप करून दिला. त्याने गेल्या वर्षीचा काढला, दोन्ही शेजारी ठेवले, भिंग फिरवलं. एका जागी थांबला.

“गेल्या वर्षी हा ‘र’ दारुड्यासारखा कलला होता. यंदा कवायतीला उभा. कुणी सुधारला याला?”

दोइना कागदाची कड सरळ करत राहिली. रुमालात नाक शिंकरून त्याने पुन्हा विचारलं, “कॉम्रेड, नाव सांगा. नाहीतर मशीन इथेच राहील.”

“मी मोडला,” इलिंका म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडे पाहिलं.

“मी त्याला लटकले, मग तो मोडला. मग आईने सुपाच्या चमच्याने सरळ केला. आई मला रागावली, मी रडले. मग आईने मला साखर दिली.”

कुठला चमचा, कुठली साखर! महिना झाला होता घरात साखर पाहून. दोइनाने तिच्या कानांकडे पाहिलं. टोपी नव्हती. कान पांढरेशुभ्र, दुधासारखे.

कॅप्टनने चहाच्या पेल्यातला आपला चमचा काढला, बाहीला पुसला आणि पुढे सरकवला. “दाखवा.”

काकांचे हात आठवत तिने दांडी दाबली. ऊन न करता दाबली, जास्तच दाबली गेली. पुन्हा कागद चढवला, पुन्हा सगळा मजकूर टाइप केला. ‘र’ आता डावीकडे झुकला होता, भिंतीला टेकून झोप काढणाऱ्या पहारेकऱ्यासारखा.

कॅप्टनने त्यावरून पुन्हा भिंग फिरवलं. बाहेर अजून वीस जण होते, आणि त्याला शिंक येत होती. शेवटी त्याने शिक्का उचलला.

“आता हाच तुमचा ‘र’. सही करा. याला पुन्हा कुणी हात लावायचा नाही. सरळ दिसला तर गुन्हा समजेन.” मग इलिंकाकडे पाहून म्हणाला, “पोर हुशार आहे. जपा.”

ते कौतुक होतं की काय होतं, हे दोइनाला परतीच्या चढावर शेवटपर्यंत कळलं नाही. दोरी खांद्यात रुतत होती. मशीन वाचलं, काकांचं नाव घ्यावं लागलं नाही, सोमवारी कडी धरून कुणी रडणार नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. पण अंगात असा शीण भरला होता, जणू घसरगाडीवर मशीनच्या चौदा किलोंखेरीज आणखीही काहीतरी चढवलं होतं. पुढे इलिंका गुणगुणत उड्या मारत चालली होती. टोपी आता कानांवर घट्ट ओढलेली. उद्यापासून कशावरून ओळखायचं हिला?

इमारतीत शिरून तिने मशीन उचललं. तिसऱ्या मजल्यावर आंगेलकाका दारातच उभे, केव्हापासून कोण जाणे. शेजारचं दार बोटभर उघडं होतं.

“काय गं पोरी?” ते हलक्या आवाजात म्हणाले. “उभा राहिला ना आपला नवरदेव साहेबापुढे?”

दोइनाने त्यांच्या खांद्यावरून शेजारी पाहिलं. बोटभर उघडं दार तसंच होतं. काका एकदा तिच्याकडे, एकदा पोरीकडे बघत राहिले. इलिंकाने आईचा कोट ओढला, तिला खाली वाकवलं आणि थंडगार ओठ कानाशी आणून अगदी गांभीर्याने विचारलं,

“आई, घरात खरं बोलायचं, बाहेर दुसरंच. मग जिन्यात काय बोलायचं?”