पत्राचं मागचं पान

जोतिबाचं पत्र आलं तेव्हा नाथाजी दावणीपाशी बैलांना वैरण टाकत होता. पोस्टमननं लांबूनच पाकीट वर धरून दाखवलं, तशी त्याच्या हातातली पेंढी हातातच राहिली. दसऱ्याच्या सुमाराला तार आली आणि पोरगा सुट्टी अर्धी टाकून पलटणीत परत गेला, त्याला महिन्याच्या वर होऊन गेला होता. सरहद्दीवर काहीतरी शिजतंय, हे माण तालुक्यातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. घरटी एक माणूस फौजेत, नाहीतर मुंबईला.

"चंद्रा, बाहीर ये पोरी. पत्र आलंय."

घरात वाचता येणारी तेवढी सूनच होती. चंद्रा सातवी पास झालेली. नववा महिना अर्धा होत आलेला, म्हणून उंबऱ्यावर हात टेकत ती बेतानं खाली बसली. नाथाजीची बायको तानुबाई पिठाचे हात तसेच घेऊन दारात येऊन उभी राहिली. चंद्रानं पदर सारखा केला आणि वाचायला सुरुवात केली.

'ती. आबा व आई यांस शिरसाष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे, काळजी करू नये. पत्र लिहायचं कारण असं, की जीपच्या इंजिनाचं तेल मी सुट्टीतच बदलणार होतो, ते राहून गेलं. जुनं तेल पार काळं पडलंय. मिरजेला निघायच्या आधी ते बदलायलाच पाहिजे, नाहीतर एवढ्या लांबच्या पल्ल्याला इंजिन जाम होईल. नवीन तेलाचा डबा माळ्यावर ठेवलाय. आबा, हे काम तुम्हीच करा, दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका.'

'जाम' हा शब्द ऐकून नाथाजीनं मान खाली घातली. तानुबाईनंही दुसरीकडं बघितलं.

गेल्या वर्षी असंच झालं होतं. चंद्राला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. नाथाजीनं घाईघाईनं बैल जुंपले. गाडी बाहेर काढायच्या आधी आसाला वंगण घालायचं, हा त्याचा चाळीस वर्षांचा नेम. पण त्या दिवशी वंगणाचं नळकांडं खुंटीलाच राहिलं. ओढ्याच्या चढावर आस तापला, कुरकुरला आणि चाक जागच्या जागी धरलं. दुसरी गाडी मिळून म्हसवडचा दवाखाना गाठेतो दिवस कलला. बाळ हाती लागलं नाही. चंद्रा एका शब्दानंही कधी काही बोलली नाही, आणि नाथाजीला तेच जास्त लागलं. तेव्हापासून ती बैलगाडी परसात आभाळाकडं दांड्या करून पडली होती. नाथाजी तिच्या वाटेलाही जात नव्हता.

डॉक्टरांनी बजावलं होतं, की पुढच्या खेपेला पंधरा दिवस आधीच मिरजेच्या दवाखान्यात न्या. मिरज म्हणजे चाळीस कोस. ते ऐकून जोतिबानं फौजेच्या लिलावातली जुनी जीप आणली. कोरड्या पडलेल्या तळ्यात बापाला चालवायला शिकवली, साताऱ्याला नेऊन लायसन काढून दिलं. नाथाजी जीप बैलांच्याच चालीनं हाकायचा आणि उतारावर तोंडानं 'हो हो' करायचा. पण हाकायचा. आता गुरुवारी निघायचं ठरलं होतं, आणि आज मंगळवार.

"वाच पुढं," नाथाजी म्हणाला.

चंद्रानं सावकाश वाचलं. आधी इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं, म्हणजे तेल पातळ होऊन सगळं खाली उतरतं. मग बंद करून जरा निवू द्यायचं. जीपखाली घमेलं सरकवायचं. इंजिनाच्या तळाला तेलाचं चेंबर आहे, त्याचा मोठा नट पान्यानं सोडवायचा. काळं तेल भसकन येईल, हात भाजायला नको. धार थांबली तरी घाई करायची नाही, थेंब थांबेपर्यंत बसायचं. नट पुसून घट्ट बसवायचा. मगच वरच्या तोंडातून नवीन तेल भरायचं आणि दोन मिनिटं इंजिन चालवून बघायचं.

'आबा, मला औत धरायला शिकवलंत तेव्हा तुम्ही माझ्या हातावर हात ठेवला नव्हता. नुसते मागून चालत होता. नांगराचं तास वाकडं गेलं तरी बोलला नाहीत. आता मी तसाच तुमच्या मागून चालतोय असं समजा.'

नाथाजीनं मुंडाशाच्या शेवानं नाक पुसलं.

चंद्रानं पान उलटलं. मागच्या पानावर पहिल्याच ओळीत होतं, 'सौ. चंद्रास.' तिचे कान तांबडे झाले. तिनं पत्राची घडी घातली आणि कमरेला खोचली.

"मागल्या अंगाला काय लिवलंय?" नाथाजीनं विचारलं.

"काय न्हाई, मामांजी. आपली खुशाली."

"आवं, तिच्या वाटंचं तिला ऱ्हाऊ द्या की," तानुबाई म्हणाली. "तुमाला तुमचं मिळालं न्हवं?"

सासू-सासऱ्यांसमोर नवऱ्याचं बोलणं वाचायचं नसतं, मोठ्यानं तर नाहीच. त्यात कुणालाही वावगं वाटलं नाही. चंद्रा भाकऱ्या थापायला आत गेली आणि नाथाजी माळ्यावर चढला.

त्यानं पत्रातलं एकेक काम बोटाच्या पेरावर मोजून ठेवलं होतं. इंजिन तापवलं, निवू दिलं. अंगाखाली पोतं टाकून तो जीपखाली शिरला. नट जाम बसला होता. दोनदा पाना निसटला, एकदा बोटाची साल निघाली. तेवढ्यात शेजारचा बिराप्पा मेंढरं घेऊन वाटेनं चालला होता, तो काठीवर हनुवटी टेकून उभाच राहिला.

"नाथा, बैलाखाली कधी निजला न्हाईस, आन जीपखाली निजलास व्हय रं?"

"बैल लाथ मारतोय. ही न्हाई मारत."

"मारंल, मारंल. नवी हाय आजून."

नट सुटला. काकवीसारखी काळी, ऊन धार घमेल्यात पडली. बिराप्पा वाकून बघायला लागला. "आयला, ह्ये रक्त म्हणायचं का काय?" धार बारीक झाली, मग थेंब सुरू झाले. नाथाजी उकिडवा बसून थेंब बघत राहिला. बिराप्पाला दम निघेना. "झालं की आता, भर." पण नाथाजी हलला नाही. पोरगं मागून चालत होतं ना. शेवटचा थेंब पडला, पुन्हा पडेना, तेव्हा त्यानं नट पुसला, बसवला, ताकद लावून आवळला.

मग त्यानं नवीन डबा फोडला. मधासारखं पिवळं, स्वच्छ तेल. ते इंजिनात उतरायला लागलं तसा नाथाजीचा जीव हलका होत गेला. किती भरायचं, हे त्याच्या ऐकण्यात आलं नव्हतं आणि त्याला त्याचा प्रश्नही पडला नाही. खळ्यावर त्यानं पायली कधी सपाट भरून दिली नव्हती, वर शीग ठेवल्याशिवाय हात थांबायचा नाही. आणि इथं तर ओढ्याच्या चढावरचं ते धरलेलं चाक डोळ्यांपुढं होतं. एकदा वंगणाला चुकलो, आता चुकायचं नाही. त्यानं सगळा डबा रिकामा केला, वर तो उलटा धरून शेवटची तार तुटेपर्यंत निथळवला.

"आता मिरजच काय, मिरजंच्या म्होरं जाऊ दे," तो म्हणाला आणि त्यानं जीप चालू केली.

इंजिन घरघरलं, अडखळलं, आणि मागच्या नळीतून निळसर धुराचा लोट निघाला. मेंढरं उधळली. नाथाजी आशेनं बसून राहिला, की आता थांबेल, मग थांबेल. धूर वाढतच गेला. खाली बघितलं तर इंजिनाच्या सांध्यातून नवं तेल पाझरत होतं. त्यानं चावी बंद केली.

"नाथा, काय झालं रं?" बिराप्पाचा आवाज आता वेगळा होता.

नाथाजीच्या मनात एकच, की पुन्हा माझ्याच हातून. जीपचा मिस्त्री गाठायचा तर साताऱ्याशिवाय मिळायचा नाही, आणि तो येऊन जीप दुरुस्त होईपर्यंत गुरुवार कुठल्या कुठं निघून जाणार. परसातली ती गाडी त्याला तिथूनही दिसत होती.

इकडं भाकऱ्या आटपून, सासू पाण्याला गेल्यावर, चंद्रानं कणगीच्या आडोशाला बसून मागचं पान उघडलं होतं. पहिल्या चार ओळी तिनं दोनदा वाचल्या. पाचवी ओळ वाचता वाचताच ती उठायला लागली. तेवढ्यात बाहेरून धुराचा वास आला. पोटाला हात लावून ती जमेल तेवढ्या घाईनं अंगणात आली.

"मामांजी, तेल किती वतलं?"

"सगळं."

चंद्रानं पत्राकडं बघितलं, बिराप्पाकडं बघितलं, पदर डोक्यावरून पुढं ओढला. मग एका दमात वाचून टाकलं.

'डबा पाच लिटरचा आहे, पण इंजिनाच्या पोटात चारच लागतात. आबांचा हात तुला ठाऊक आहे, ते डबा रिता केल्याबगर थांबायचे नाहीत. इंजिनाशेजारी एक पट्टी खोचलेली आहे. ती ओढून पुसायची, परत घालून काढायची आणि तेल कुठवर आलं ते बघायचं. तिच्यावर दोन रेघा आहेत. वरच्या रेघेच्या वर तेल जाऊ द्यायचं नाही, जास्ती झालं तर धूर होतो. रेघा बारीक आहेत, आबांच्या डोळ्यांना आता दिसायच्या नाहीत. तसं त्यांना लिहिलं तर वाईट वाटेल. म्हणून ते काम तुझं. तू शेजारी उभी राहा.'

"आन म्होरं?" बिराप्पानं मान लांब केली.

"म्होरं तुजी मेंढरं बिराप्पाच्या शेतात शिरल्याती," नाथाजी म्हणाला.

"बिराप्पा मीच हाय की रं."

"मग जा, हाकल."

बिराप्पा हसत गेला. चंद्रा मात्र मान खाली घालून उभी होती. "माझं चुकलं, मामांजी. मी आदीच वाचाय पायजे हुतं."

"तुजं कसलं चुकलं? लाज धरलीस, घरच्या रीतीनं वागलीस." नाथाजी जीपमधून उतरला. त्याला बारीक दिसत नाही हे पोराला कळलं होतं, आणि ते बापाच्या तोंडावर न म्हणता सुनेच्या पानात लिहिण्याइतकी त्याला समज होती. राग यायला हवा होता, पण आत काहीतरी भरून आलं. "आता सांग. काय करायचं?"

"जास्तीचं काढून घ्यायचं. पर भांडं सवच्छ पायजे. नवं तेल हाय, वाया कशाला घालवायचं?"

तानुबाई घागर घेऊन आली, तोवर तिची दुधाची कासंडी जीपखाली गेली होती. "आगं बया, ती धार काढायची कासंडी हाय."

"धारच काढतोय," खालून नाथाजी म्हणाला.

"काढा, काढा. सांच्याला शेळी कशात पिळायची त्ये पन पत्रात लिवलं आसंल."

नाथाजीनं नट ढिला केला, धार सोडली, पुन्हा आवळला. वर चंद्रानं पट्टी ओढली, पदरानं पुसायला गेली, मग सासूकडं बघून चिंधीनं पुसली. तेल खाली बसू दिलं. पट्टी घातली, काढली, उन्हात धरली.

"आजून लय हाय, मामांजी."

पुन्हा धार. पुन्हा पट्टी.

"आजून."

पाचव्या वेळेला ती पट्टी डोळ्यांजवळ नेऊन थांबली. "बास. बरुबर रेघंवर."

इंजिन चालू केलं. आधी राहिलेला धूर आला, मग विरळ झाला, मग नळीच्या तोंडाशी नुसती हवा थरथरत राहिली. सांध्यातलं पाझरणं थांबलं होतं. नाथाजीनं इंजिनावर हात ठेवला, बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा, आणि पुटपुटला, "म्हसवडच्या नाथबाबाच्या नावानं चांगभलं."

गुरुवारी ते निघाले. मागं गादीवर चंद्रा, तिला धरून तानुबाई. नाथाजी दर दहा कोसांवर जीप थांबवी, इंजिन निवू देई आणि न बोलता पट्टी मागं चंद्राच्या हातात देई. ती रेघ बघे, "हाय," म्हणे, की पुढं. उतारावर त्यानं फक्त दोनदा 'हो हो' केलं. दिव्यांच्या वेळेला मिरज आली.

बाराव्या दिवशी चंद्राला मुलगी झाली. बाळ आडवं आल्यामुळं वेळ लागला होता. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "वेळेवर आणलंत, म्हणून दोघी आहेत." नाथाजीनं त्यांना हात जोडले. मग फाटकाबाहेर येऊन जीपलाही जोडले, कुणी बघत नाही असं बघून.

तिथल्या दिवसांतच लढाई पेटली आणि ते गावी परतले तेव्हा ती थांबलीही होती. नाताळच्या सुमाराला जोतिबाचं कार्ड आलं, दोन ओळींचं. सुखरूप आहे, सगळ्यांची खुशाली कळवा. तानुबाईनं ते देवापुढं ठेवलं.

उत्तर लिहायला चंद्रा मांडीवर पाट घेऊन बसली. पोरगी शेजारी टोपलीत झोपली होती. नाथाजी येरझाऱ्या घालत सांगत होता.

"लिव, लेक झाली, नाक आयसारकं हाय. लिव, जीप दांडगी चालली. लिव, माज्या मागनं चाललास, त्ये मला कळत हुतं."

चंद्राचा टाक भराभर पळत होता.

"आन लिव, हितनं म्होरं पत्र लिवशील तवा सुनंचं पान आदी लिव, माजं मागनं."

चंद्रा तोंडाला पदर लावून हसली. "आजून काय, मामांजी?"

नाथाजी थांबला. दाराच्या चौकटीतून परस दिसत होतं. तिथं बैलगाडी आता सरळ उभी होती. जीपमधून निघालेलं ते काळं तेल त्यानं फेकलं नव्हतं, झाकून ठेवलं होतं. सकाळी त्यानं चाकं काढली, आसावरची वर्षाची माती खरवडली आणि ते तेल बोटानं चोळून चोळून लावलं. मग चाक एकदा हातानं फिरवलं, तर ते किती तरी वेळ आवाज न करता फिरत राहिलं.

"येवढंच लिव," तो म्हणाला. "म्हणावं, गाडीला वंगण घातलं."