काच हातात असताना

काचेच्या धंद्यात बाबांचा एकच नियम होता आणि तो मोडणाऱ्याला त्यांनी पुन्हा दुकानात उभं केलं नव्हतं: काच हातात असताना तोंड एकाचंच चालेल. जो समोर बघून चालतो त्याचं. उलट्या पावलांनी जाणाऱ्याने मागे वळून बघायचं नाही, आणि बाकीच्यांनी, मग तो मालक का असेना, तोंडाला कुलूप लावायचं.

उलटी चालायची ती, बाबांची मुलगी. समोर असायचा बारक्या, जो आता दारातून वाकून आत यायचा तरी बारक्याच राहिला होता. त्याचा बाप याच दुकानात कारागीर होता. तो गेल्यावर बाबांनी पोराला घरात घेतलं. दोघं एकच पुस्तक मध्ये ठेवून शिकली, एकमेकांच्या झिंज्या उपटत वाढली, आणि कधीतरी, त्यांचं त्यांनाही न कळता, भांडणांचा सूर बदलला. तो आधी आईला कळला. "एका घरात वाढलात. लोक तोंडात शेण घालतील," असं म्हणून आई थांबली नाही, महिन्याभरात स्थळ शोधून मोकळी झाली. आज संध्याकाळी ती माणसं घरी येणार होती आणि बाबा त्यांना होकार देणार होते.

बारक्याला तिने कितीदा विचारलं. दर वेळी तेच: "काकांना कोणत्या तोंडाने सांगू?" त्याच्या त्या तोंडाचा तिला आता वीट आला होता.

आजची काच नाचाच्या वर्गातल्या पार्टिशनची होती. तिसरा मजला, लिफ्टमध्ये मावेना, जिना अरुंद. वरच्या बाजूला ती, पाठ पायऱ्यांकडे करून. खाली बारक्या, त्याच्यामागे बाबा. काचेतून तिला दोघांचेही चेहरे दिसत होते.

"पायरी," बारक्या सांगत होता. "पायरी. आता वळण, डावीकडे."

दुसऱ्या मजल्यावर तिला राहवेना. तिने नियम मोडला.

"संध्याकाळी मी नाही म्हणणार आहे. तुझं काय ते आत्ता सांग."

बाबांचं तोंड उघडलं. काचेकडे बघून ते पुन्हा मिटलं.

"पायरी," बारक्या म्हणाला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपण जीव तोडून बोलावं आणि या ठोंब्याने पायरी मोजावी! काच सोडून द्यावी असं क्षणभर खरंच वाटलं. हातमोज्यात घाम साचला होता. तिने बोटं आणखी आवळली.

"पायरी." मग तोच आवाज, तीच संथ चाल. "काका, माझं हिच्यावर प्रेम आहे. पायरी. आजचं नाही, शाळेपासूनचं. पायरी. तुमचे उपकार आहेत म्हणून मूग गिळून बसलो, ते चुकलंच. जरा थांब, कठडा आहे. हाकललंत तर जाईन, पण ही हो म्हणाली तर हिला घेऊन जाईन. आता उजवीकडे."

ती उजवीकडे वळली. डोळे भरून आले होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता. खाली बाबा लालबुंद झाले होते, जबडा हलत होता, पण शब्द बाहेर येत नव्हता.

वर्गात पोचल्यावर काच लाकडी ठोकळ्यांवर टेकली. आता बाबांना बोलायला कोण अडवणार होतं? ते आत आले. चारी कडांवरून बोट फिरवून बघितलं. कुठे टवका उडालेला नव्हता.

"काच हातात असताना भलतं बोललास," ते बारक्याला म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की त्यापेक्षा ओरडले असते तर बरं, असं तिला वाटलं. "तिचा पाय चुकला असता तर?"

"चुकला नाही ना, बाबा," ती म्हणाली. "मी मागेही बघितलं नाही."

 बाबा कोपऱ्यातली खुर्ची ओढून बसले. एकदम दमल्यासारखे दिसले.

"त्या लोकांना मी नको म्हणून कळवतो. पण घरी तुम्हीच सांगायचं."

बारक्याने आता कुठे हातमोजे उतरवले. तिने त्याचा हात धरला, बाबांच्या देखत. बाबांनी बघितलं आणि मान फिरवली.

"आणि जरा जपून बोला," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "तुझ्या आईला गप्प ठेवायला तिथे काच नसेल."