डावा पाय

लाल गाडी धुळ्याला सरदार मिस्त्रींच्या गॅरेजात आली की आजूबाजूचे दुकानदार हातातलं काम टाकून बघायला यायचे. दोनच माणसांची, जमिनीला टेकल्यासारखी बसकी स्पोर्ट्स कार. सावद्याच्या हितेंद्रने ती पुण्याहून जुनी विकत आणली तेव्हा भाऊबंदांनी विचारलं होतं, हिच्यात केळीचा एक घड तरी मावेल का? पण हितेंद्रला आयुष्यात एवढा एकच शौक, आणि त्याच्या बायकोने, मोहिनीने, त्याला कधी नाट लावला नव्हता.

आज मात्र मोहिनीसोबत गाडीतून उतरला तोच तणतणत. "मिस्त्री, उन्हाळ्यात नवी क्लचप्लेट टाकली ना तुम्ही? पारोळ्यापासून बघतोय. रेस दिली की इंजिन नुसतं बोंबलतं, काटा वर चढतो, गाडी तिथंच. कापसाचा ट्रक मागून येऊन पुढे गेला. वर ड्रायव्हर हसला."

"गाडीपेक्षा त्याचं हसणंच जास्त लागलेलं दिसतं, भाऊ," सरदार मिस्त्री म्हणाले.

त्यांनी हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. धड गाडी अशा वेळी गचका खाऊन बंद पडते. ही घुमतच राहिली. जळका वास सुटला. नवरात्राच्या उपवासात मोहिनीला तो सोसेना; तिने पदर नाकाला लावला. मिस्त्री गाडीखाली गेले. प्लेटवर तेल गळतंय का पाहिलं, कोरडं होतं. पेडलची ढील बोटाने जोखली, ती बरोबर होती. हात पुसत ते बाहेर आले.

"बठ्ठं दखी लिधं, भाऊ, सगळं तपासलं. गाडीमा खोट नही शे. चालवताना तुमचा डावा पाय क्लचवर टेकलेला राहतो. जरासा टेकला तरी प्लेट घासत जाते."

"ट्रॅक्टर शिकलो तेव्हापासून गाडी हाकतोय मी. माझा पाय कुठं असतो ते मला कळत नाही?"

मिस्त्री वाद घालत बसले नाहीत. हितेंद्र पाणी प्यायला गेला तसे हळूच मोहिनीला म्हणाले, "वहिनी, सोनगीरच्या बाजूला एक चक्कर मारून या. तुम्ही फक्त पाय बघा. मी बोललो की त्यांना राग येतो."

मोहिनी शेजारी बसली. लग्नापासून दोघांची नवरात्राची वाटणी ठरलेली होती. उपवास तिचा, अनवाणी राहणं त्याचं. त्यामुळे गाडीतही तो अनवाणीच होता, आणि पाय नीट दिसत होता. गावाबाहेर गाडीने बोंबलत कसाबसा वेग घेतला. उजवा पाय रेसवर. डावा क्लचवर, भिंतीला हात टेकावा तसा टेकलेला.

"अहो, डावा पाय खाली घ्या."

"खालीच तर आहे."

त्याच्या बोलण्यात हट्ट नव्हता. तो खोटं बोलला की त्याचे कान लाल व्हायचे. तेही झाले नव्हते. रस्त्यावरची नजर न काढता तो अगदी सरळ बोलला होता, आणि पाय पेडलवरच होता.

मोहिनीला दोन गोष्टी एकदम आठवल्या. गेल्या वर्षी नवरात्रात देवीच्या गडावर अनवाणी जाताना डांबर तापून चटचटत होतं. लोक कडेच्या गवतातून उड्या मारत चालले होते, आणि हितेंद्र मधोमध, शांत. आईने तळव्याखाली हात धरला, असं तिने भजनी मंडळात सगळ्यांना सांगितलं होतं. सांगताना डोळे भरून आले होते. तिचे वडील, शालिग्राम आबा, एकदा शेतातून एकच चप्पल घालून घरी आले होते. दुसरी कुठे निसटली, त्यांना कळलंच नव्हतं. सगळे हसले होते, आबाही. मग पायाच्या बोटाला जखम झाली, तीही कळली नाही. साखरेने पाय बधिर झालाय, असं डॉक्टर म्हणाले तोवर पाय कापायची वेळ आली होती.

हितेंद्रलाही साखरेची गोळी होती. आठवली तर घ्यायचा.

"गाडी परत घ्या," ती म्हणाली.

गॅरेजात तिने त्याला स्टुलावर बसवलं आणि चारचौघांत त्याचा डावा पाय मांडीवर घेतला. तो ओशाळला. तळव्यात लोखंडाचा कीस रुतला होता, भोवती रक्त. तिने तो उपटून काढला.

"दुखलं?"

"काय?" हितेंद्रने विचारलं. मग तिने बोटांत धरलेला कीस पाहिला आणि तळवा स्वतःकडे वळवून बघू लागला.

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. "गाडी राहू द्या इथं, भाऊ. प्लेट नंतर बघू. डॉक्टर कोपऱ्यावरच आहेत, आत्ता भेटतील."

मोहिनीने जखम धुतली, रुमालाने बांधली. मग आपल्या चपला काढून त्याच्या पायांत सरकवल्या. टाचा मागून बाहेर राहिल्या.

"नवरात्रात चप्पल?" तो म्हणाला. "आणि तीही बायकांची?"

"तुमचं अनवाणी आता माझ्याकडे. आईला मी सांगते."

सांगायला ती क्षणभर डोळे मिटून उभी राहिली. गेल्या वर्षी जे कृपा म्हणून मिरवलं त्याबद्दल काय म्हणावं, ते तिला सुचेना. आज गॅरेजात गाडी गचका खाऊन बंद पडली नाही म्हणून पाय तरी कळला, एवढ्याबद्दल तिने हात जोडले.

दोघं रस्त्यावर आली. ऑक्टोबरचं ऊन. पहिल्याच पावलाला तिला चटका बसला आणि तिने पाय उचलला.

"भाजतंय का?" हितेंद्रने विचारलं. त्याचा आवाज लहान झाला होता.

"हो," ती म्हणाली आणि त्याचा दंड धरला. "खाली बघून चाला."